अठ्ठ्याऐंशी पायऱ्यांचा लिफ्टमन

मी चौतीस वर्षं लिफ्टमन होतो. त्यातले अकरा दिवस लिफ्ट चालली.

हे आधीच सांगून टाकतो. लोक हे ऐकून हसतात, तर त्यांनी सुरुवातीलाच हसून घ्यावं, म्हणजे पुढचं नीट वाचता येतं. मी चौथी पास आहे. पाचवीत चार दिवस बसलो होतो, पण गुरुजींनी माझं एक गणित चूक दिलं आणि मी उठून आलो. ते गणित बरोबर होतं असं मला अजून वाटतं. हे लिखाण नात शुद्ध करून देते म्हणाली. मी वही दिली नाही. चुका राहिल्या तर त्या माझ्या स्वतःच्या राहू द्यात.

गाव मैंदर्गी. घरात कानडी, बाजारात मराठी. घरची जमीन भावांत वाटली असती तर माझ्या वाट्याला नुसता बांध आला असता, म्हणून सोलापूरला आलो. मार्केट यार्डात पोती उचलली. मग एका चादरीच्या कारखान्यात सुताच्या कांड्या भरल्या. दोन्हीकडं मालकाशी भांडण झालं आणि दोन्ही वेळा माझं बरोबर होतं. नेहमी बरोबर असणाऱ्या माणसाला काम टिकत नाही, हे मला फार उशिरा कळलं. कळलं, पण पटलं नाही.

त्याच सुमाराला नव्या पेठेच्या अंगाला एका संस्थेनं इमारत बांधली. संस्थेचं नाव घेत नाही, अजून त्याच रस्त्यानं भाजी आणायला जावं लागतं. तळमजला आणि वर चार मजले, आत लिफ्ट. ‘लिफ्टमन पाहिजे’ अशी पाटी लागली. मुलाखतीत अध्यक्षांनी विचारलं, “लिफ्ट कधी बघितलीस का?”

“न्हाई.”

“मग चालवणार कशी?”

मी म्हटलं, “साहेब, ल्हानपणी मोट हाकलीय. भरून वर येती, रिकामी खाली जाती. हितं पाण्याच्या जागी माणसं.”

अध्यक्ष हसले आणि मला घेतलं. खाकी कपडे मिळाले, छातीला लावायला पितळी बिल्ला मिळाला, आणि एक कागद मिळाला. त्यावर लिहिलं होतं, सहा महिने उमेदवारी. उमेदवारी म्हणजे कच्ची नोकरी. ती संपली की मी अध्यक्षांना एकदा वर न्यायचं, परत खाली आणायचं, धक्का लागू द्यायचा नाही. तेवढी परीक्षा पास झालो की कायम.

त्या काळच्या लिफ्टला आतासारखी बटणं नव्हती. एक पितळी दांडा. उजवीकडं ओढला की वर, डावीकडं ओढला की खाली, मध्ये आणला की थांबायची. पण थांबायची कुठं, ते हातात होतं. वीतभर वर थांबली तर उतरणारा ठेचकाळतो, वीतभर खाली राहिली तर त्याला चढावं लागतं आणि तो शिव्या देतो. मजल्याच्या बरोबरीला आणणं ही खरी कला. अकराव्या दिवशी मी चार बोटांच्या फरकावर आलो होतो. बाराव्या दिवशी मोटर जळली. वास जळक्या शेंगदाण्यासारखा. सुटा भाग मुंबईहून आठ दिवसांत येतोय, असं सांगितलं.

तो अजून यायचाय.

आता माझ्या लग्नाची गोष्ट सांगतो, कारण ती नोकरीचीच गोष्ट आहे. आत्याची नणंद केम गावात दिलेली. तिनं स्थळ आणलं. मुलगी कलावती, तिचे वडील भानुदासमामा, शेती थोडी आणि मेंढरं फार. त्यांची अट एकच होती: नोकरी कायम पाहिजे, आणि ती स्वतःच्या डोळ्यांनी बघणार. दात मोजल्याशिवाय ज्यांनी कधी मेंढरू घेतलं नाही, ते जावई नुसत्या कागदावर कसा घेणार?

मामा सकाळच्या गाडीनं आले. मोटर जळून तेव्हा नऊ दिवस झाले होते. मी ठरवलं होतं, बिल्ला दाखवू, लिफ्टचं दार उघडून दाखवू, समोर हुसेनभाईच्या टपरीवर चहा पाजू आणि स्टेशनवर सोडू. चालत नाही हे मी सांगणारच होतो. चहा घेताना सांगणार होतो.

मामा आत जाऊन उभे राहिले. चारी भिंतींना हात लावून बघितला.

“दार लावून दाव की,” म्हणाले.

मी बाहेरचं पत्र्याचं दार ओढलं, आतली जाळी सरकवली. उकडत होतं म्हणून पंख्याचं बटण दाबलं. लिफ्टचा पंखा आणि दिवा वेगळ्या तारेवर होते, ते चालत होते. पंखा घरघरायला लागला आणि सगळा डबा थरथरला. मामांनी जाळी घट्ट धरली.

“निगालं व्हय?”

मी तोंड उघडलं आणि तेवढ्यात वीज गेली. अंधार झाला. पंखा थांबला.

“थांबलं?” मामांनी विचारलं.

“थांबलं,” मी म्हणालो. पंख्यापुरतं ते खरंच होतं.

चाचपडत दार उघडायला गेलो तर कडी अडकलेली. ढकललं, ओढलं, लाथ घातली. आता बघा, जगात लिफ्टमध्ये अडकलेली माणसं पुष्कळ असतील. तळमजल्यावर, बंद लिफ्टमध्ये, जमिनीवर उभं राहून अडकलेली आम्ही दोघंच असू.

“पडंल का रं ह्ये?”

“न्हाई मामा. हितनं खाली पडायची सोयच न्हाई.”

त्यांना धीर आला. बाहेरून कोणाची तरी हाक आली, हुसेनभाई, दोन कटिंग. मामांनी कान दिला.

“वरबी चा मिळतो?”

“मिळतो.”

जरा वेळानं रस्त्यावरची एक शेळी ओरडली. मेंढरातला माणूस, तो बरोबर ताठ झाला. “शेरडी? एवढ्या वर?”

“शेरडी कुटंबी चढती, मामा.”

“ती चढती, त्ये खरं हाय,” मामा म्हणाले.

मी एकही शब्द खोटा बोललो नाही. हे मी पुढं चौतीस वर्षं स्वतःला सांगत आलो. जे बोलायला पाहिजे होतं ते बोललो नाही, एवढंच. पण अंधारात त्या माणसानं माझा दंड घट्ट धरला होता. शिवाय, आपण जमिनीवर आहोत असं त्या क्षणी सांगितलं असतं, तर एवढं घाबरल्याची त्यांना लाज वाटली असती. असं मी म्हणतो. खरं म्हणजे मुलगी मला पसंत होती.

तासभर आम्ही बोललो. आईबाप कसे, पाऊस किती, कारखाना का सोडला.

“भांडखोर हायेस व्हय?”

“न्हाई. माझं बरोबर असतं.”

“माझीबी पोर तशीच हाय,” मामा म्हणाले. मग म्हणाले, “ऐक. नोकरी कच्ची असू दे न्हाईतर पक्की असू दे. मला हितनं नीट खाली न्हे. केसाचा धक्का न लागता न्हेलंस, तर कला तुला दिली.”

एवढ्यात हुसेनभाईला आमचा आवाज गेला. त्यानं चहाची सांडशी दाराच्या फटीत घालून कडी उचकटली. दार उघडलं. मामांनी आधी एक पाय बाहेर टाकला, जमीन चाचपली, मग दुसरा टाकला. समोर तोच रस्ता, तीच टपरी. तिथंच बाकड्यावर बसले.

“कवा आणलंस रं? कळलंबी न्हाई.”

हुसेनभाईनं माझ्याकडं बघितलं. मी हुसेनभाईकडं बघितलं. त्यानं सांडशी पुसली आणि चहा चढवला. त्या दिवसापासून दुसऱ्या टपरीवर चहा प्यायची माझी छाती झाली नाही.

लग्न झालं. मी पहिल्याच महिन्यात कलावतीला सगळं सांगितलं. ती वडलांना दादा म्हणायची. म्हणाली, “वाटलंच मला. दादा एवढ्या लवकर कशालाच हो म्हणत न्हाईत. आता गप बसा. त्यांनी समद्या केमात सांगितलंय.” आणि मामांनी सांगितलं होतंच. माझा जावई कसा, तर मधल्यामध्ये लोंबकळणाऱ्या पेटीतून केसाचा धक्का न लावता खाली आणणारा. आमच्या घरी ते दरवर्षी यायचे, पण इमारतीकडं फिरकले नाहीत. “एकदा जीव वाचला. तेवढ्यात भागलं,” म्हणायचे.

इकडं संस्थेत दोन गट पडले. एक म्हणे जुनी लिफ्ट दुरुस्त करा, दुसरा म्हणे नवीन घ्या. प्रकरण कोर्टात गेलं. कोर्टानं सांगितलं, निकाल लागेपर्यंत जैसे थे. म्हणजे जे जसं आहे ते तसंच ठेवायचं. संस्थेचे क्लार्क येमूलबाबू मला समजावून सांगायला खाली आले. ते बोलायचे मराठी, पण चिडले की तेलुगूत चिडायचे.

“लिफ्टला हात लावायचा नाही,” म्हणाले.

“आणि मला?”

“तुम्हालाबी नाही. तुम्ही लिफ्टमधी येता.”

“मग माझी परीक्षा? कायम कवा होणार?”

“लिफ्ट चालल्याशिवाय परीक्षा कशी घेणार? तुम्ही उमेदवारीवर होता, उमेदवारीवर राहा. काढता येत नाही, कायम करता येत नाही.”

अशी माझी सहा महिन्यांची उमेदवारी चौतीस वर्षं चालली. माझ्या मागून आलेला शिपाई कायम झाला, हेडशिपाई झाला, सत्कार घेऊन घरी गेला. मी आपला उमेदवार.

स्टुलावर बसून राहायचा पगार मला घेता आला असता. बऱ्याच जणांनी तसा सल्ला दिला. पण बिल्ला लावून नुसतं बसणं म्हणजे नवरदेवाचे कपडे घालून दुसऱ्याच्या लग्नाला जाण्यासारखं आहे. त्यात चौथ्या मजल्यावर हाडांचे डॉक्टर आले. आठ दिवसांत लिफ्ट चालू होईल असं सांगून त्यांना जागा दिलेली. म्हणजे ज्याचे गुडघे दुखतात त्यानं अठ्ठ्याऐंशी पायऱ्या चढून जायचं आणि माझे गुडघे दुखतात असं सांगायचं. मजल्याला बावीस, चार मजले. मी मोजल्यात, उगाच बोलत नाही.

मी दारातच विचारायचो, “कितवा मजला?” माणूस सांगायचा. मी पिशवी घ्यायचो आणि त्याच्या एक पायरी मागून चढायचो. पुढं चालायचं नाही, पडणारा मागं पडतो. चढताना चांगला पाय आधी टाकायचा, उतरताना दुखरा पाय आधी. हे डॉक्टर नंतर सांगायचे, मी आधी सांगायचो. प्रत्येक वळणावर खुर्ची, दुसऱ्या मजल्यावर माठ. आणि सगळ्यात महत्त्वाचं, किती पायऱ्या राहिल्या हे माणसाला कधी सांगायचं नाही. किती झाल्या ते सांगायचं. राहिलेल्या ऐकल्या की माणूस बसतो, झालेल्या ऐकल्या की उठतो. एवढंच माझं शास्त्र. पण चौतीस वर्षांत एक माणूस माझ्या हातून जिन्यात पडला नाही.

गिऱ्हाईकं नाना तऱ्हेची. एक कापडाचे मोठे व्यापारी होते, त्यांना जिना चढणं कमीपणाचं वाटायचं. ते लिफ्टमध्ये जाऊन उभे राहायचे आणि मला म्हणायचे, चालू झाली की सांग. पाव तास उभे राहून, वर जाऊन आल्यासारखा चेहरा करून निघून जायचे. त्यांचं काम कधीच झालं नाही, पण मान राहिला.

एक अक्कलकोटकडची आजी दर महिन्याला यायची. तिला फक्त कानडी यायचं. डॉक्टरांच्या माणसानं पहिल्या दिवशी तिला सांगितलं, लिफ्टनं या. मी तिला घेऊन गेलो, ओंदु, एरडु, मूरु करत पायऱ्या मोजत. झालं, तिच्या डोक्यात बसलं की लिफ्ट म्हणजे मी. आली की दारातून हुसेनभाईला विचारायची, “लिफ्ट बंदानेनु?” म्हणजे लिफ्ट आला का? एकदा मी तापानं घरी होतो. आजी आली आणि परत गेली. गावात जाऊन सांगितलं, लिफ्टला ताप आलाय.

त्या तापाच्या वेळी संस्था घाबरली आणि त्यांनी सहायक लिफ्टमनची जागा काढली. ही लांबच लांब रांग. त्यात पदवी घेतलेले, इंजिनियर झालेले. जाणकार म्हणून मला चौथ्या मजल्यावर मुलाखतीला बसवलं. मी, चौथी पास, टेबलाच्या अलीकडं आणि इंजिनियर पलीकडं. मी सगळ्यांना एकच प्रश्न विचारला: लिफ्ट बंद पडली तर काय कराल? सगळ्यांनी मोटरीबद्दल सांगितलं. एक पोरगी तेवढी म्हणाली, “आत कोण आहे त्यांना आधी हाक मारीन.” मी तिच्या नावापुढं टिक केली. येमूलबाबूंनी संध्याकाळी सांगितलं की जैसे थे असल्यामुळं जागा भरता येत नाही. मग ती रांग कशासाठी लावली होती, हे मी विचारलं. ते तेलुगूत चिडले. त्या पोरीची मला अजून चुटपुट लागते. काम मागायला आलेल्या माणसाला अठ्ठ्याऐंशी पायऱ्या चढवून, जागाच नाही असं सांगू नये.

मी निवृत्त व्हायला आठ महिने राहिले असताना दोन गटांचं एकमत झालं. कसं झालं ते कोणालाच कळलं नाही. जुना डबा तोडून भंगारात गेला. नवीन लिफ्ट आली, स्टीलची, गुळगुळीत. बटण दाबलं की जाते, आपोआप थांबते, बरोबर मजल्याला. आत एक बाई बोलते, चौथा मजला, कृपया सावकाश उतरा. आमच्या जिन्यातल्या खुर्च्या आणि माठ लगेच काढले.

मी येमूलबाबूंकडं गेलो. “आता लिफ्ट चालली. माझी परीक्षा घ्या.”

त्यांनी चष्मा काढला. “काका, तुम्हाला कसं सांगू? हिला लिफ्टमन लागत नाही. लिफ्ट बंद होती तोवर तुमचं पद होतं. आता ती चालू झाली, म्हणून पद रद्द. पार्किंगला वॉचमन म्हणून बसा आठ महिने.”

“मी लिफ्टमन म्हणून लागलोय. लिफ्टमन म्हणूनच जाणार.”

“पण कायम झालाच नाही तुम्ही.”

हे त्यांना बोलायचं नव्हतं, तोंडातून गेलं. मी स्टूल उचललं आणि नव्या लिफ्टशेजारी मांडून बसलो. बिल्ला लावून. महिनाभर बसलो. कोणी मला कितवा मजला ते सांगेना. बाईलाच सांगत होते.

आणि मामांचा गुडघा धरला.

वय ऐंशीच्या घरात. केमात कोणाचं ऐकेनात. म्हणाले, दाखवायचं तर जावयाच्या इमारतीतल्या डॉक्टरला, आणि जायचं तर जावयाच्या हातानं. कलावती त्यांना रिक्षातून घेऊन आली. तिला मी हुसेनभाईच्या बाकड्यावर बसवलं. हुसेनभाईनं मला बाजूला घेतलं. “सच बोल डालो अब. मेरे पेट में चौंतीस साल से सांडशी अटकी है.”

मामा आत आले. नवी पेटी बघून म्हणाले, “बदलली वाटतं. दांडा कुटं गेला?”

मी चार नंबर दाबला. दार मिटलं. लिफ्ट उचलली.

तुम्ही रोज बसत असाल तर तुम्हाला कळणार नाही. पण पहिल्यांदा बसणाऱ्याच्या पोटात एक खड्डा पडतो, पाय जड होतात, कान दडपतात. मामांनी कठडा धरला. डोळे मोठे झाले. बाई म्हणाली, चौथा मजला. दार उघडलं तर समोर रस्ता नाही, टपरी नाही. वेगळाच व्हरांडा, खाली एवढीशी माणसं. मामांनी खाली बघितलं, मग माझ्याकडं बघितलं. बराच वेळ बघितलं.

“अस्सं असतंय व्हय वर जाणं,” म्हणाले.

“व्हय.”

“म्हंजी त्या दिवशी…”

“हलली न्हवती, मामा.”

डॉक्टरांनी गुडघा बघितला, गोळ्या दिल्या. बाहेर आलो. मी बटण दाबलं, दार उघडलं, आतली बाई बोलायला लागली. मामा वळले.

“तिला म्हणावं, तू जा. जिना कुटं हाय?”

“मामा, गुडघा...”

“चौतीस वर्सं तू काय करत हुतास, त्ये मला बघायचंय.”

मी खाली पळत जाऊन माझं स्टूल आणलं. मग आम्ही उतरायला लागलो. उतरताना मागं नाही राहायचं, एक पायरी पुढं राहायचं, त्यांचा हात आपल्या खांद्यावर. दुखरा पाय आधी. प्रत्येक वळणावर मी स्टूल मांडायचो, मामा बसायचे. शेजारून लिफ्ट वर जायची, खाली जायची, बाईचा आवाज यायचा. पहिल्या मजल्यावर आलो तेव्हा मामांनी विचारलं, “किती ऱ्हायल्या?”

“तसं सांगायचं नसतं, मामा. सहासष्ट झाल्या.”

“तवाबी असंच. सांगायचं त्ये सांगितलं न्हाईस.”

आयुष्यात पहिल्यांदा माझं बरोबर नव्हतं.

उरलेल्या बावीस पायऱ्या उतरलो. शेवटच्या पायरीवर मामांनी दुखरा पाय खाली टाकला, जमीन चाचपली, मग दुसरा टाकला. दारात येमूलबाबू उभे होते. “लिफ्ट बंद पडली काय?” त्यांनी विचारलं.

मामा माझ्या खांद्यावरचा हात न काढता बाकड्यापर्यंत गेले आणि कलावतीसमोर उभे राहिले.

“कले,” म्हणाले, “ह्यानं मला खाली आणलं. केसाचा धक्का लागला न्हाई. जा ह्याच्यासंगं. आता दिली तुला.”

कलावतीनं कपातला उरलेला चहा आधी संपवला. “आता व्हय? नात चौथीला हाय दादा.”

“असू दे की. शबुद म्हंजी शबुद.”

हुसेनभाईनं सांडशी पुसली आणि चार कप मांडले. मी छातीवरचा बिल्ला काढून येमूलबाबूंच्या हातात दिला. पार्किंगला बसा, ते म्हणाले. नाही म्हटलं. माझी परीक्षा झाली होती. मी कायम झालो होतो.